लंडन-फ्रँकफर्ट: जाताना २ तास ४० मिनिटं, येताना ४० मिनिटं?? (बाबांचा प्रश्न)

माइनकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी उचलून योग्य जागी ठेवावा.

तर झालंय असं की आईबाबा सध्या लंडनला ताईकडे आलेत आणि पुढच्या महिन्यात आठ दिवस माझ्याकडे फ्रँकफर्टला येणारेत. दोघंच येणार, ताईला सुट्टी नाही. तिकिटं काढून बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि अर्ध्या तासात फोन. बाबा एसटीत कंट्रोलर होते, कराड स्टँडला. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी कुठलंही टाइमटेबल दिसलं की पेन काढून बसतात. म्हणाले, "हीथ्रोहून सुटणार ९:३०, फ्रँकफर्टला १२:१०. दोन तास चाळीस. येताना सुटणार १७:००, पोचणार १७:४०. चाळीस मिनिटं! कुंभार्ली घाट आहे का मधे, जाताना चढ आणि येताना उतार?"

मी टाइमझोन समजावायला लागलो तर मलाच गप्प केलं. "ते कळतं रे मला, मस्करी करतोय. एक तास इकडचा तिकडे केला की दोन्हीकडे एक चाळीस येतात, हिशोब जुळला. आता मला सांग, अंतर किती?" मी गुगल करून सांगितलं ६५५ किलोमीटर. पलीकडे पेन चालल्याचा आवाज. "म्हणजे ताशी ३९३. विमान आठशेनं जातं म्हणतात ना? मग अर्ध्याच्या वर वेळ कुठं जातोय? मधे हॉल्ट कुठाय?"

तर मंडळी, हॉल्ट कुठाय? मला खरंच नीट सांगता आलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि दोघं पहिल्यांदाच युरोपात स्वतःचे स्वतः फिरणारेत, तर काही सूचना असतील तर त्याही येऊ द्या.

गुगली_१९

काका रॉक्स! "हॉल्ट कुठाय" हे टीशर्टवर छापायला हवं.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नभोवेडा

बाबांना माझा दंडवत सांगा. विमान कंपनीत ऑप्समधे आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

तिकिटावरची १:४० ही हवेतली वेळ नाहीये. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. एसटीच्या चाकाला उतारावर दगड लावतात ना, तसे विमानाच्या चाकाला ठोकळे असतात, ते निघाल्यापासून पलीकडे परत लागेपर्यंतचा सगळा वेळ. म्हणजे बाबांच्या भाषेत फलाटावरून गाडी हलल्यापासून पुढच्या फलाटाला लागेपर्यंत. नुसतं ६५५ भागिले ८३० केलं (ए३२० जातीचं विमान वर साधारण ०.७८ माखनं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पटीनं जातं, ताशी ८३० च्या आसपास) तर ४७ मिनिटं येतात. पण ८३० चा वेग त्याला मिळतो किती वेळ? वर चढायला वीसेक मिनिटं, उतरायला पंचवीसेक, सपाट उड्डाण राहतं वीस-पंचवीस मिनिटांचं. १०,००० फुटांच्या खाली सर्वसाधारण मर्यादा २५० नॉट, म्हणजे ४६० किमीच. पुण्याच्या बाहेर पडेपर्यंत एक्सप्रेसवेचा काय उपयोग, तसंच.

दुसरं म्हणजे रस्ता सरळ नसतो. ६५५ हे पृथ्वीच्या गोलावरून दोन विमानतळांमधलं सगळ्यात जवळचं अंतर, ग्रेट सर्कल. प्रत्यक्षात हीथ्रोहून विमान बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उडतं कारण वारा तिकडून येतो आणि उडताना वारा समोरून हवा असतो. जायचंय पूर्वेला, म्हणून मग वळसा. पुढे नॉर्थ सी, बेल्जियम, मग जर्मनी, तिथं पुन्हा धावपट्टीसमोर रांगेत यायला फेरा. उडलेलं अंतर सहज सातशेच्या पुढे जातं.

तिसरं जमिनीवरचं. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच. वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणं-उतरणी एवढी कायदेशीर मर्यादा आहे आणि ते जवळजवळ तेवढी भरतात, दिवसाला तेराशेच्या घरात. एक पट्टी उतरायला, एक उडायला, दुपारी तीन वाजता अदलाबदल करतात म्हणजे खाली राहणाऱ्या लोकांना अर्धा दिवस तरी शांतता. एवढ्या गर्दीत विमान गेटवरून निघून पट्टीच्या तोंडाशी जाऊन नंबर लागेपर्यंत १५ ते २५ मिनिटं सहज.

आणि "हॉल्ट" म्हणाल तर खरंच आहे, पण येताना. हीथ्रोच्या चार बाजूंना आकाशात चार थांबे आहेत. बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन, ऑकम. उतरायला जागा नसेल तर विमानं तिथं एकावर एक हजार हजार फुटांचं अंतर ठेवून घिरट्या घालतात, खालचं निघालं की वरचं एक मजला खाली. पूर्वेकडून येणाऱ्यांना लॅम्बोर्न किंवा बिगिन. एक घिरटी साधारण चार-पाच मिनिटांची. हे होणार हे कंपन्यांना माहीत असतं, म्हणून वेळापत्रकातच ती मिनिटं धरलेली असतात, आम्ही त्याला पॅडिंग म्हणतो. आणि पोचायला १५ मिनिटांच्या आत उशीर झाला तर तो उशीर धरतच नाहीत, धंद्याचा नियमच आहे तसा.

वाऱ्याचं राहिलंच. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा असतो, हिवाळ्यात जोरात. समजा ताशी १०० चा असेल तर लंडन-फ्रँकफर्ट ९३० नं आणि उलट ७३० नं. एवढ्या छोट्या अंतरात फरक दहा-बारा मिनिटांचाच पडतो, पण पडतो. म्हणजे बाबांचा घाट आहे, फक्त उलटा. जाताना उतार, येताना चढ :)

सहज_आपलं

+१ नभोवेडा, मस्त प्रतिसाद. एकच शंका, ६५५ कुठून कुठपर्यंत? कारण मी एका साइटवर ६३८ पण पाहिलंय.

नभोवेडा

६३८ हे शहर ते शहर, म्हणजे लंडनच्या मध्यापासून फ्रँकफर्टच्या मध्यापर्यंत. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला वीस-बावीस किमीवर, त्यामुळे विमानतळांमधलं अंतर वाढतं. दोन-तीन किलोमीटरचा फरक मात्र वेगळ्या कारणानं, काही साइट पृथ्वी चेंडूसारखी गोल धरतात, काही थोडी चपटी, जशी आहे तशी.

तुलनेसाठी, मुंबई-नागपूर हवेतून ६८० च्या आसपास आहे. आणि ते एकाच राज्यात, एकाच घड्याळात. इथे मधे दोन-तीन देश.

हौन्स्लोची_वहिनी

मी तुमच्या त्या धावपट्टीच्या अगदी रेषेत राहते हो. परसदारी कपडे वाळत घालताना दर दीड मिनिटाला एक विमान डोक्यावरून, चाकं बाहेर काढलेली, कंपनीचं नाव चष्म्याशिवाय वाचता येतं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा पहिले दोन दिवस प्रत्येक विमानाला वर बघायच्या, तिसऱ्या दिवशी बघायचं सोडलं आणि चौथ्या दिवशी तीन वाजता एकदम म्हणाल्या, "आज बंद पडलं का गं?" ते अदलाबदलीचं मला आत्ता नभोवेडांमुळे कळलं, इतकी वर्षं वाटायचं शिफ्ट बदलते.

आता कामाचं. माइनकाठचा, आईबाबांना आधीच सांगून ठेवा की हीथ्रोवरून बाहेर पडताना पासपोर्टवर कुणी शिक्का मारत नाही. इथं बाहेर जाताना इमिग्रेशनचा काउंटरच नसतो. माझे वडील पहिल्यांदा गेले तेव्हा गेटपर्यंत पोचून पुन्हा उलटे फिरले होते, "शिक्का राहिला" म्हणून. सुरक्षा तपासणीवाल्या बाईंनी परत पाठवलं. फ्रँकफर्टला मात्र उतरल्यावर व्यवस्थित पासपोर्ट तपासणी, कारण ब्रिटन शेंगेनमधे (युरोपातल्या ज्या देशांत आपसात पासपोर्ट तपासत नाहीत त्या गटात) नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथं शिक्क्याऐवजी कॉम्प्युटरवर नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू केली, त्यामुळे रांगेला वेळ धरा. आणि परत येताना फ्रँकफर्टला बाहेर जायची तपासणी, हीथ्रोला आत यायची तपासणी, दोन्ही. ब्रिटनचा व्हिसा परत आत येण्याएवढा शिल्लक आहे ना ते तारीख बघून घ्या. बघितला असेलच, पण मी आपली सांगते.

टर्मिनल २ असेल तर गेट नंबर बी पासून सुरू होतोय का बघा. ते वेगळ्या इमारतीत आहेत, जमिनीखालून चालत जायला लागतं, वयस्कर माणसाला पंधरा-वीस मिनिटं धरा. व्हीलचेअर सांगून ठेवा, दोन दिवस आधी.

माइनकाठचा

वहिनी, लाख धन्यवाद. व्हिसा बघितलाय, मल्टिपल आहे. व्हीलचेअर म्हटलं तर बाबा म्हणाले, "अख्ख्या स्टँडवर रोज दहा चकरा मारायचो मी." आईनं मागून ओरडून सांगितलं, "माझ्या नावावर घे." घेतली.

पट्टीचा_प्रवासी

मला हा प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो, कृ.ह.घ्या. अंतर किती आणि विमान किती वेळात जातं याला काही अर्थ नाही, माणूस किती वेळात जातो ते बघा. घरातून निघाल्यापासून घरात शिरेपर्यंत.

माझीच गोष्ट सांगतो, २००९ सालची, विद्यार्थी होतो, खिशात दमडी नाही. लंडनहून फ्रँकफर्टचं तिकीट दिसलं, बर्गरपेक्षा स्वस्त. घेतलं. लंडन म्हणजे स्टॅनस्टेड होतं ते माहीत होतं. फ्रँकफर्ट म्हणजे "फ्रँकफर्ट-हान" आहे हे वाचलं होतं पण मला वाटलं हान म्हणजे गावातला एखादा भाग असेल, आपल्या पुणे-लोहगावसारखा. रात्री साडेदहाला उतरलो तर चहूकडे काळोख आणि झाडं. अमेरिकन सैन्याचा जुना तळ आहे तो, फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, डोंगरात! बस होती, पावणेदोन तासांची, तिकीट विमानापेक्षा महाग. रात्री एकला फ्रँकफर्ट स्टेशनवर उभा, मित्राचा फोन लागेना, स्टेशनबाहेर जे काही चालू असतं ते बघत.

गंमत अशी की स्टॅनस्टेड-हान हवेतलं अंतर ५३८ च्या आसपास भरतं, हीथ्रो-फ्रँकफर्टपेक्षा शंभरावर किलोमीटर कमी. तिकिटावर वेळही कमी. आणि मी दुपारी दोनला घरातून निघून रात्री दीडला पोचलो. दोष माझाच, तिकिटावर नाव स्पष्ट लिहिलेलं होतं.

गुगली_१९

बर्गरपेक्षा स्वस्त तिकीट आणि विमानापेक्षा महाग बस, हाहाहा.

सहज_आपलं

पट्टीचा_प्रवासी यांच्याशी सहमत आणि म्हणूनच विचारतो, काकाकाकू ट्रेननं का नाही येत? फ्रँकफर्ट-ब्रसेल्स आयसीई (जर्मनीची वेगवान गाडी) तीन तासांच्या थोडं वर, ब्रसेल्स-लंडन युरोस्टार (समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी) दोन तास, मधे बदलायला तासदीड तास. सहा-साडेसहा तासात सेंट पँक्रास, ऐन लंडनमधे. खिडकीतून देश दिसतात, बॅगा जवळ, पाणी बरोबर नेता येतं, समुद्राखालून जाता येतं. विमानाचं घर ते घर मोजलं तर तेवढंच होतं.

नभोवेडा

कागदावर बरोबर. पण मधल्या गाडीला उशीर झाला आणि युरोस्टार चुकली तर वयस्कर जोडप्याची ब्रसेल्सला जी तारांबळ होईल ती विचारात घ्या. जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाबद्दल जर्मन लोकच काय बोलतात ते ऐकलंय ना?

सहज_आपलं

ते ऐकलंय :( तरीपण. १९ ऑक्टोबर २०१० ला जर्मन रेल्वेनं चक्क एक आयसीई बोगद्यातून आणून सेंट पँक्रासला उभी केली होती, फोटोबिटो, २०१३ पासून थेट फ्रँकफर्ट-लंडन गाडी सुरू करू म्हणून. ती आलीच नाही. आता २०२५ च्या जूनमधे युरोस्टारनं जाहीर केलंय की २०३० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत थेट लंडन-फ्रँकफर्ट सोडणार, पाचेक तासांत. पाच तास आणि बदलाबदली नाही, मग कोण जाईल हो विमानानं?

पट्टीचा_प्रवासी

गाजर. माझं लग्न झालं, मुलगा शाळेत गेला, ती गाडी अजून येतेच आहे.

लिस्बनकर

धागा उशिरा वाचला. बाबांना सांगा की ४० मिनिटं काहीच नाही, माद्रिदहून दहाला निघून लिस्बनला दहा वीसला पोचता येतं. अंतर ५१३ किमी, ब्लॉक टाइम १:२०, आणि पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे.

खरंतर नकाशात बघाल तर स्पेन बराचसा लंडनच्या रेषेच्याही पश्चिमेला आहे, त्याचं घड्याळ लंडनबरोबर असायला हवं. पण १९४० मधे तिथला हुकूमशहा फ्रँको यानं घड्याळं एक तास पुढे ढकलून मध्य युरोपबरोबर केली आणि ती तशीच राहिली. म्हणून स्पेनमधे लोक रात्री दहाला जेवतात, सूर्य त्यांच्या बाजूचा, घड्याळ बर्लिनचं. आम्ही इकडे लिस्बनमधे आपले आठला जेवून मोकळे.

आणि ट्रेनवाल्यांनो, माद्रिद-लिस्बन रात्रीची गाडी होती, लुसितानिया नावाची. मार्च २०२० मधे कोविडात बंद झाली ती झालीच. दोन शेजारच्या राजधान्या आणि मधे एक धड थेट गाडी नाही. त्यामुळे आम्हाला वीस मिनिटांच्या विमानाशिवाय पर्याय नाही.

हौन्स्लोची_वहिनी

वीस मिनिटांत तर माझी भाजीसुद्धा चिरून होत नाही!

एक विचारू का, घड्याळं मागेपुढे करतात त्या दिवशी काय होतं? आमच्या एका मैत्रिणीनं ऐन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारचं तिकीट काढलंय.

नभोवेडा

काही होत नाही वहिनी. ब्रिटन आणि युरोप एकाच क्षणी बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, ग्रीनिचच्या रात्री एक वाजता. म्हणजे लंडनला एक वाजता आणि त्याच क्षणी जर्मनीत दोन (ऑक्टोबरात घड्याळ लंडनला दोन आणि जर्मनीत तीन दाखवत असतं). फरक वर्षभर एक तासच.

पण हे पूर्वी असं नव्हतं आणि हे मला फार आवडतं. १९९५ पर्यंत युरोपातला उन्हाळी वेळ सप्टेंबरअखेर संपायचा आणि ब्रिटनचा ऑक्टोबरअखेर. मधले चारेक आठवडे दोन्हीकडे एकच वेळ! तेव्हा बाबांनी तिकीट काढलं असतं तर जाताना १:४० आणि येताना १:४०, प्रश्नच नाही. त्याहून भारी म्हणजे ऑक्टोबर १९६८ ते ऑक्टोबर १९७१ अशी तीन वर्षं ब्रिटननं घड्याळ मागे घेतलंच नाही, प्रयोग म्हणून. जर्मनीत तेव्हा उन्हाळी वेळ नव्हताच, तो १९८० ला आला. तर ती तीन वर्षं लंडन आणि फ्रँकफर्ट एकाच घड्याळावर. स्कॉटलंडात हिवाळी सकाळी नऊपर्यंत अंधार राहायला लागला, बरीच ओरड झाली आणि प्रयोग गुंडाळला.

२०१९ मधे युरोपियन पार्लमेंटनं ही मागेपुढे भानगड बंद करायला मत दिलं होतं, २०२१ पासून. देशांचं आपसात जमेना. ते पण सहज_आपलं यांच्या गाडीसारखंच.

नियमावर_बोट

पट्टीचा_प्रवासी म्हणाले अंतराला अर्थ नाही. साहेब, अंतराला पैसे आहेत.

युरोपियन नियम २६१/२००४. विमान तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल (धुकं, वादळ, हवाई वाहतूक कंट्रोलरचा संप असलं काही नसेल) तर भरपाई. १,५०० किमीपर्यंत २५० युरो, त्याच्या पुढे ४००, आणि युरोपबाहेरचा प्रवास ३,५०० च्या वर असेल तर ६००. ब्रिटननं युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर तोच नियम स्वतःच्या कायद्यात ठेवला, पाऊंडात, १,५०० पर्यंत २२०. लंडन-फ्रँकफर्ट ६५५ म्हणजे पहिली पायरी. हे अंतर कुठलं धरतात तर नभोवेडांचं ग्रेट सर्कलवालं, विमान प्रत्यक्षात किती फिरलं ते नाही.

पट्टीचा_प्रवासी

आणि मधे बदलून गेलो तर? दोन्ही तुकड्यांची बेरीज ना?

नियमावर_बोट

नाही, तिथंच लोक फसतात. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला जाणाऱ्या प्रवाशांची केस २०१७ मधे युरोपियन कोर्टात गेली होती. रोम-ब्रसेल्स १,१७३ अधिक ब्रसेल्स-हॅम्बुर्ग ४८३, बेरीज १,६५६. प्रवासी म्हणाले आम्ही १,५०० च्या वर, चारशे द्या. कोर्ट म्हणालं रोम-हॅम्बुर्ग सरळ अंतर १,३२६, अडीचशे मिळतील. तुमचा वळसा तुमच्यापाशी.

आणि "पोचलं" म्हणजे कधी? यावर २०१४ चा निकाल आहे, बाबांना नक्की आवडेल. साल्झबुर्गहून कलोन-बॉनला जाणारं विमान. चाकं टेकली तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटं. गेटला लागलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं. कंपनी म्हणे टेकलं म्हणजे पोचलं. कोर्टानं सांगितलं, निदान एक दार उघडून उतरायची परवानगी मिळते तेव्हा पोचलं, कारण तोवर माणूस आत कोंडलेलाच असतो, त्याचा वेळ त्याचा नसतो. प्रवासी जिंकला. पाच मिनिटांनी अडीचशे युरो.

मी स्वतः दुसऱ्याच एका रूटवर (नाव नको) चार तास अडकलो होतो. कंपनी पहिल्यांदा व्हाउचर गळ्यात मारायला बघते. घेऊ नका. तीन मेल टाकल्या, पैसे खात्यात. पुरावा म्हणून दार उघडलं तेव्हाचा मोबाइलचा स्क्रीनशॉट ठेवला होता.

गुगली_१९

अवांतर: सगळ्यात छोटं अंतर माहितीये का? स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी बेटं आहेत, तिथं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, २.७ किलोमीटर. टाइमटेबलवर दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. काकांना म्हणावं तिथं वेग काढा.

सहज_आपलं

दोन मिनिटं धरली तर ताशी ८१. शिवनेरी जाईल तेवढ्यात.

लिस्बनकर

प्रकाटाआ (चुकून दोनदा पडला)

माइनकाठचा

मंडळी, धागा वर काढतोय कारण आईबाबा येऊन, राहून, परत लंडनला पोचले सुद्धा. बाबांनी दोन्ही प्रवासात डायरी ठेवली. अर्थात. मी प्रतिसाद त्यांना वाचून दाखवले होते, त्यातलं "दार उघडलं म्हणजे पोचलं" त्यांना एवढं पटलं की त्यांनी त्याचा वेगळा रकाना आखला. पानाचा फोटो टाकणार होतो पण त्यात तिकिटाचा नंबर आहे, म्हणून टंकतो.

जाताना. ताईच्या घरून निघालो ६:१०. विमान फलाटावरून हललं ९:३७. चाकं सुटली १०:०१. (पुढे कंसात: "आधी उलट दिशेला गेलं. नंतर वळलं. बरोबर सांगितलं होतं.") चाकं टेकली १२:०९ जर्मन, म्हणजे ११:०९ आपली. दार उघडलं १२:२४. हवेत एकूण १ तास ८ मिनिटं. उशीर १४ मिनिटं, "म्हणजे नियमानं वेळेवर." मुलाच्या घरी १३:५० जर्मन. एकूण ६ तास ४० मिनिटं.

टेकल्यापासून दार उघडेपर्यंत १५ मिनिटं का लागली तर उत्तर-पश्चिमेच्या नव्या पट्टीवर उतरलं होतं, २०११ ला सुरू झालेली, ती मुख्य विमानतळाच्या पलीकडे आहे आणि मधून ए३ ऑटोबान जातो. विमान चक्क पुलावरून ऑटोबान ओलांडतं. बाबा खिडकीशी होते. पंखाखालून ट्रक जाताना बघून त्यांनी आईला उठवलं. आई म्हणे पहिल्यांदा वाटलं विमान रस्त्यावर उतरलं. आठ दिवसांत पॅलेस झाले, नदी झाली, सफरचंदाची वाइन झाली (बाबांनी तोंड वाकडं केलं), पण घरी फोन झाला की विषय तो पूल.

हौन्स्लोची_वहिनी

आणि शिक्का? हीथ्रोला उलटे नाही ना फिरले?

माइनकाठचा

नाही वहिनी, पण गेटवर बसून मला फोन केला, "खरंच कुणी विचारलं नाही रे." आई व्हीलचेअरवरून थाटात गेली आणि बाबा तिच्या मागे चालत. बी गेट निघालं, जमिनीखालून. बोर्डिंगला पोचेपर्यंत बाबांचे गुडघे बोलायला लागले होते हे आईनं मला नंतर हळूच सांगितलं.

नभोवेडा

आणि येतानाचं? डायरीत असणारच.

माइनकाठचा

आहे ना. फलाटावरून हललं १७:०९ जर्मन. चाकं सुटली १७:२७. चाकं टेकली १७:४९ ब्रिटिश. हवेत १ तास २२ मिनिटं. दार उघडलं १८:०४. उशीर २४ मिनिटं, लाल पेनानं.

त्याच्या खाली लिहिलंय, "उतरण्यापूर्वी खिडकीतून दोन लांबट तलाव दिसले, एकाखाली एक. नंतर पुन्हा तेच दिसले. नंतर पुन्हा."

नभोवेडा

ते ली व्हॅलीतले जलाशय असणार. म्हणजे लॅम्बोर्नला लावलं होतं. तीनदा दिसले म्हणजे दोन पूर्ण वळसे, आठ-दहा मिनिटं तिथंच गेली. बाकीचा वारा.

माइनकाठचा

हे त्यांना आत्ता फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग डायरी उघडल्याचा आवाज आला. म्हणाले, "काय नाव म्हणालास? लॅम्बोर्न? ल ला लॅ, ब जोडून ना? थांब, लिहितो. थांब्याचं नाव राहिलं होतं तेवढं."